उणे वीस अंशांतले चिठ्ठीमास्तर

उणे वीस अंशांत हेअर ड्रायर घेऊन उभा असलेला माणूस मी आयुष्यात एकच पाहिला. अंगात गुडघ्यापर्यंतचा जाड कोट, डोक्यावर माकडटोपी, तिच्यावर मफलर, आणि हातात गुलाबी रंगाचा ड्रायर. तो त्यांनी निजामपुऱ्यातल्या एका ब्यूटी पार्लरमधून दोन दिवसांच्या बोलीवर आणला होता. पार्लरवाल्या बाईंनी विचारलं, "केस कुणाचे आहेत?" तर हे म्हणाले, "रॅकचे."

रॅकच्या लोखंडावर गोठलेलं दव वितळवायचं आणि कोरड्या झालेल्या जागेवर लेबल चिकटवायचं, असा त्यांचा बेत होता. दव वितळलं. त्याचं पाणी झालं, पाण्याचा क्षणात पुन्हा बर्फ झाला आणि त्या बर्फात ड्रायरचं तोंड अडकलं. कोल्ड स्टोरेजच्या त्या खोलीत रॅकला घट्ट चिकटलेली ती पहिलीच वस्तू. लेबल खाली पडलं होतं.

आम्ही त्यांना मास्तर म्हणायचो. शाळेशी त्यांचा काही संबंध नव्हता. भिवंडीत कापडाच्या गोदामात घड्या घालून घेणारा, ताक्यांवर चिठ्ठ्या लावणारा माणूस मास्तरच असतो. निजामपुऱ्यातल्या एका गोदामात त्यांनी अठ्ठावीस वर्षं ताक्यांवर चिठ्ठ्या चिकटवल्या होत्या, त्याही सुताला लावतात त्या सायझिंगच्या खळीनं. ते गोदाम बंद पडलं आणि मास्तर अंजूरला आमच्या कोल्ड स्टोरेजमध्ये आले. दोन हजार पाच-सहा सालची ही गोष्ट. मी टेमघरहून शेअर रिक्षानं यायचे आणि गेटजवळच्या केबिनमध्ये कॉम्प्युटरवर मालाच्या नोंदी करायचे. मास्तर मला 'कॉम्प्युटरबाई' म्हणत. मी बावीस वर्षांची होते, पण मास्तरांना कुणालाही बाई किंवा महाराज म्हटल्याशिवाय बोलताच येत नसे.

पहिल्याच दिवशी ते घरून खळीचा डबा घेऊन आले. गरम, वाफाळती खळ आणि तिच्यात ब्रश. "माझ्या हातची चिठ्ठी पडत नाही, महाराज," असं हमालांच्या मुकादमाला ऐकवून ते आत गेले. चार मिनिटांत बाहेर आले तेव्हा ब्रश डब्यात उभाच्या उभा गोठला होता. त्यांनी ब्रशला धरून उचललं तर अख्खा डबा वर आला.

"मास्तर, कुल्फी झाली," मुकादम म्हणाला.

मास्तर हसले नाहीत. त्यांना तो अपमान वाटला, आणि त्याचा दोष त्यांनी थेट थंडीला दिला. "थंडीला लाज नाही, बाई," ते मला म्हणाले. "अठ्ठावीस वर्षांची खळ आहे, जरा तरी मान ठेवायचा!" त्या दिवसापासून पुढची दीड वर्षं मास्तर आणि थंडी यांचं बोलणं बंद होतं, फक्त मारामारी चालू होती.

तो मुकादम म्हणजे हिराजीदादा. त्याच्याबद्दल आधी सांगायला हवं, कारण मास्तरांची दुसरी लढाई त्याच्याशी होती. आमचं कोल्ड स्टोरेज ज्या जमिनीवर उभं होतं ती हिराजीदादाच्या घराण्याची भातशेती. शेठनं ती भाड्यानं घेतली तेव्हा करारात एकच अट घातली गेली, की हमाल त्याच घराण्यातले लागतील. त्यामुळे हिराजीदादा, त्याचे भाऊ आणि चुलतभाऊ स्वतःच्याच शेतावर कोट घालून मटारच्या गोण्या आणि आइस्क्रीमचे खोके उचलत. त्यांच्या दृष्टीनं शेत काही कुठे गेलं नव्हतं. त्याच्यावर फक्त छप्पर आलं होतं आणि पीक बदललं होतं.

म्हणून रॅकनाही त्यांनी शेतांचीच नावं ठेवली होती. जिथे पूर्वी जांभूळ होतं तिथली रांग 'जांभलाखालची'. जिथे खाडीचं पाणी घुसायचं तो कोपरा 'बुडीत'. दोन काकांनी जिच्यावरून बारा वर्षं कोर्ट केलं ती 'भांडनाची पट्टी'. आणि जी जमीन हिराजीदादाच्या आत्येला माहेरातून मिळाली होती तिच्यावरचे रॅक म्हणजे 'आत्येचा बांध'. लाकडी फळ्यांवर, म्हणजे पॅलेटवर, रचलेला माल घेऊन ट्रक आला की हिराजीदादा ओरडायचा, "आठ पॅलेट मटार, भांडनाचे पट्टीव टाका रं!" आणि माल बिनचूक तिथे जायचा.

मास्तरांना हे ऐकून घाम फुटायचा, तोही त्या थंडीत. "मटार ठेवायचेत की भांडण?" ते विचारत. त्यांची पद्धत वेगळी होती. रांगेला अक्षर, खणाला आकडा, माळ्याला आकडा. सी-सात-तीन म्हणजे सी रांग, सातवा खण, तिसरा माळा. जगातला कुठलाही माणूस आला तरी त्याला माल सापडला पाहिजे. "आणि उद्या तुम्ही सगळे एका लग्नाला गेलात तर?" ते हिराजीदादाला विचारत.

"मंग तवा गोदामपन बंद ठेवाचा," हिराजीदादा शांतपणे सांगे. "लगनाला तुमीपन या."

मास्तरांनी ती नावं उच्चारायला बंदी केली. हमालांनी ती बंदी लग्नाच्या आमंत्रणासारखी हसतमुखानं घेतली आणि विसरून गेले. कुणी 'आत्येचा बांध' म्हटलं की मास्तर म्हणत, "मला ही भाषा समजत नाही." आणि माल घेऊन उभा असलेला माणूस त्यांना वळसा घालून आत्येच्या बांधावर जाई. मास्तर मागोमाग जाऊन खण मोजत आणि आकडे मला नोंदीला देत.

आता ती आत्या काही गेलेली नव्हती. ती रोज गेटबाहेर सुकटीची टोपली घेऊन बसायची. आइस्क्रीमच्या दारात सुकट, हेही मास्तरांना खुपायचं. पण तिला उठवायची कुणाची छाती नव्हती, म्हणून त्यांनी निदान शिस्त लावली. तिच्या टोपलीवर लेबल चिकटवलं: गेट-एक-तळ. आत्येनं ते उलटसुलट बघितलं आणि म्हणाली, "बरा केलास, हरवाची न्हाय मी आता."

पुढे गंमत अशी झाली की आतली सगळी लेबलं आठवड्यात गळायची आणि आत्येच्या टोपलीवरचं लेबल ऊन, धूळ आणि खारट ओल खाऊन तसंच्या तसं राहिलं. मास्तर रोज येता-जाता त्याला नखानं खरवडून बघत. शेवटी त्यांना शंका आली की चिकटपणा डिंकात नसून सुकटीत असावा. त्यांनी आत्येकडून पावशेर सुकट विकत घेतली, कुटली आणि गोंदात मिसळून आत नेली. लेबल तेव्हाही पडलं. आइस्क्रीमच्या कंपनीनं मात्र दोन पानी पत्र पाठवलं.

एवढं सगळं करताना मास्तर शिकतही होते, हे मला कबूल केलं पाहिजे. आधी मला वाटलं, माणसाचं डोकं फिरलंय. मग हळूहळू कळलं की डोकं फिरलेलं असूनही माणूस बरोबर दिशेनं चालू शकतो. साधा कागद फुगतो आणि त्याचा लगदा होतो, हे त्यांना पहिल्या महिन्यात समजलं. प्लॅस्टिकचं आवरण घातलं तर कडेनं दव शिरतं आणि आवरण सालीसारखं सुटतं, हे दुसऱ्या. छापील शाई हातमोजे घासून पुसली जाते, हे तिसऱ्या. त्यासाठी ते रोज जेवणानंतर हातमोजा घालून एकाच लेबलावर मोजून शंभर वेळा घासायचे. डोळे मिटून, ओठ हलवत. एकदा शेठकडे आलेले कुणी पाहुणे त्यांना नमस्कार करून गेले.

लेबल विकणाऱ्या माणसांना तर ते दारातच गाठत. मुंबईहून टाय लावून आलेला एक विक्रेता म्हणाला, "सर, आमचं लेबल उणे तीसलाही टिकतं." मास्तर म्हणाले, "लेबल टिकतं का ते मागाहून बघू. आधी तुम्ही टिकता का बघू." आणि त्याला नमुन्यासकट आत घेऊन गेले. वीस मिनिटांनी तो विक्रेता बाहेर आला तो थेट आत्येच्या शेजारी उन्हात जाऊन बसला. त्याची टाय ताठ झाली होती. आत्येनं त्याला स्वतःच्या किटलीतला चहा दिला आणि विचारलं, "आई हाय का रं तुना?"

मास्तरांच्या घरी मी एकदाच गेले. संक्रांत होती. मास्तरीणबाईंनी तिळगूळ दिला, पाणी दिलं आणि म्हणाल्या, "पाणी गार नाही हं. आमच्याकडे फ्रीजला परीक्षा आहे." त्यांनी वरचा कप्पा उघडून दाखवला. आत लोखंडाच्या पट्ट्या ओळीनं उभ्या, प्रत्येकीवर वेगळ्या डिंकाचं लेबल, प्रत्येकीवर तारीख. एका कोपऱ्यात खोबऱ्याची चटणी होती, तिच्यावरही तारीख होती.

"निजामपुऱ्यातल्या कुल्फीवाल्यानं तर यांना दुकानात यायला बंदी केली," बाई सांगू लागल्या. "त्याच्या साच्यांवर लेबलं चिकटवून आले. एका गिऱ्हाइकाच्या कुल्फीवर सी-सात-तीन निघालं."

मी हसले. बाईही हसल्या, पण मग त्यांनी दाराकडे बघून आवाज खाली आणला. "तुम्ही रोज बरोबर असता म्हणून सांगते. शेठनं यांना सांगून ठेवलंय. आइस्क्रीमच्या कंपनीचा माणूस तपासणीला येणार आहे. तेव्हा लेबलं नसली तर कंपनी माल हलवणार, आणि शेठ यांना काढणार. चोपन्न वर्षांच्या माणसाला आता दुसरं कोण ठेवून घेणार? कापडाच्या गोदामाबाहेर महिनाभर रोज जाऊन उभे राहायचे हो हे. कुलूप बघून परत यायचे."

त्यानंतर मला मास्तरांच्या शंभर वेळा घासण्याचं फारसं हसू आलं नाही. थोडं यायचं, पण ते गिळायची.

अखेर मास्तरांना उत्तर सापडलं. लेबल कागदाचं नको, न फाटणाऱ्या पॉलिस्टरचं हवं. डिंक थंडीसाठीच बनवलेला हवा. आणि सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे लेबल लावताना लोखंड कोमट, कोरडं आणि स्वच्छ हवं. एकदा नीट धरलं की मग कितीही थंड करा. "डिंकालाही थंडी वाजते, बाई. त्याला आधी उबेत बसू द्यायचं," ते म्हणाले. इतकं सोपं वाक्य म्हणायला त्यांना दीड वर्षं आणि एक हेअर ड्रायर लागला होता.

पण खोली कोमट करायची म्हणजे प्लँट बंद करायचा आणि माल दुसऱ्या खोलीत हलवायचा. शेठ ऐकेना. तेवढ्यात दसऱ्याच्या सुमारास कॉम्प्रेसरचं काम निघालं आणि खोली तीन दिवस बंद ठेवावीच लागली. मास्तरांना आकाश ठेंगणं झालं. दसऱ्याच्या आदल्या दिवशी त्यांनी प्रत्येक खांब न् खांब स्पिरिटनं स्वतः पुसला, कुणालाही हात लावू दिला नाही, आणि संध्याकाळी दार ओढून घेऊन घरी गेले.

दसऱ्याला सकाळी हमाल पूजेला आले. हत्यारांची पूजा करायची तर यांची हत्यारं म्हणजे ढकलगाड्या आणि रॅक. हिराजीदादाचं घराणं शेतीच्याही आधी खाडीवरचं. होडी पाण्यात लोटण्याआधी तिला तेल पाजायचं, हे त्यांच्या रक्तात. त्यांनी दार उघडलं तर लोखंड कोरडं ठणठणीत, पांढुरकं पडलेलं. अशा लोखंडाची पूजा कशी करायची? तेव्हा घरून खोबरेल तेल आणलं गेलं. सगळ्या भावांनी मिळून सगळ्या रॅकना तेल लावलं, फडक्यानं चोळून चोळून जिरवलं, हळदकुंकू वाहिलं, झेंडूच्या माळा घातल्या आणि नारळ फोडला.

दुपारी मास्तर नवा शर्ट घालून आले. रॅक आरशासारखे चमकत होते.

"बघा मास्तर, कसा झलकतंय!" हिराजीदादा म्हणाला.

"स्पिरिट, महाराज! स्पिरिटची किमया आहे ही!" मास्तर म्हणाले, आणि त्यांचा चेहरा इतका फुलला की हिराजीदादानं पुढे काही सांगितलंच नाही. सणाच्या दिवशी कशाला माणसाचं मन मोडायचं, असा त्याचा हिशेब.

मास्तरांनी दोन दिवस बसून आठशेच्या वर लेबलं लावली. प्रत्येक लेबल घरून आणलेल्या लाटण्यानं दाबलं. शेवटचं लावून झालं तेव्हा त्यांनी मला बोलावलं आणि एक लेबल ओढून बघायला सांगितलं. मी ओढलं. हललं नाही. मास्तरांनी लाटणं पुसून पिशवीत ठेवलं.

पाच दिवसांनी कंपनीचा अधिकारी आला. तपासणीची रीत सोपी होती. तो यादीतून कुठलीही दहा पॅलेट निवडणार, मी कॉम्प्युटरवर बघून जागा सांगणार आणि अर्ध्या तासात दहाही पॅलेट दारात हजर झाली पाहिजेत. आम्ही सगळे आत गेलो. मास्तर पुढे होते, नवरदेवाच्या बापासारखे.

आत खाली जमिनीवर लेबलं पडली होती. सगळीकडे, आडवी-उताणी. आमच्या डोळ्यांदेखत आणखी दोन सुटली आणि गिरक्या घेत खाली आली. अधिकाऱ्यानं त्यातलं एक उचललं, मागची बाजू बोटानं चोळून बघितली, आणि वास घेतला. "नारियल?" तो म्हणाला.

मी मास्तरांकडे बघितलं आणि लगेच दुसरीकडे बघितलं. त्यांचा चेहरा बघवेना.

"तर, पहिलं पॅलेट," अधिकारी घड्याळ बघत म्हणाला. मी यादी वाचली, "सी-सात-तीन." कुणी हललं नाही. हमालांनी दीड वर्षात सी-सात-तीन शिकायला साफ नकार दिला होता, आणि खांबावर वाचायला काही उरलं नव्हतं. हिराजीदादा माझ्याकडे बघत होता, मी कागदाकडे.

तेव्हा मास्तर बोलले. खालच्या आवाजात, जमिनीकडे बघत.

"आत्येचा बांध. वरचा माळा."

हिराजीदादानं त्यांच्याकडे एकदा बघितलं आणि गाडी घेऊन धावला. तीन मिनिटांत पॅलेट दारात. मी वाचलं, "एफ-दोन-एक." मास्तर म्हणाले, "बुडीत. विहिरीच्या अंगाला, खाली." मी वाचत होते, मास्तर सांगत होते, आणि हमाल पळत होते. जांभळाखालची, भांडणाची पट्टी, चुलत्याचा तुकडा. ज्या माणसाला ही भाषा समजत नव्हती त्याला एकूण एक बांध तोंडपाठ होता. दहा पॅलेट एकोणीस मिनिटांत दारात आली. अधिकाऱ्यानं कागदावर लिहिलं की लेबलं नाहीत, माल मात्र सापडतो, पद्धत समजली नाही. आणि पास केलं.

संध्याकाळी हिराजीदादा माझ्या केबिनमध्ये येऊन तेलाची गोष्ट सांगून गेला. मास्तरांनाही त्यानंच सांगितली. मास्तर एवढंच म्हणाले, "होडीला लावतात ना? बरोबर आहे मग."

शेठ मात्र दुसऱ्या दिवशी भलताच खूश होऊन आला. केबिनमध्ये मी होते, समोर मास्तर उभे. शेठ म्हणाला, "मास्तर, मला तर कालच समजला. लेबल का जरूरतच नाही आपल्याला. या लोकांना सगळा पता आहे. फुकट आपण एवढा त्रास केला." मग थोडा थांबून म्हणाला, "हा महिना पुरा करून घ्या."

मास्तर 'हो' म्हणाले. त्यांनी नोकरी वाचवली होती, फक्त ती त्यांची नव्हती. ते बाहेर जाऊन खाली पडलेली लेबलं गोळा करायला लागले. मला संताप आला, आणि तो कुणावर काढावा ते कळेना, म्हणून मी प्रिंटरवर काढला. बाहेर हमाल दाराशी उभे होते. त्यांनी सगळं ऐकलं होतं.

दहाच्या सुमाराला आइस्क्रीमचा ट्रक आला. हिराजीदादानं पहिलं पॅलेट उतरवलं, गाडीवर घेतलं आणि जागच्या जागी उभा राहिला. त्याच्यामागे त्याचा भाऊ उभा राहिला. त्याच्यामागे चुलतभाऊ. ऑक्टोबरचं ऊन तापलेलं. पंधरा मिनिटांनी खोक्यांच्या खालून पांढरे ओघळ यायला लागले, तेव्हा शेठ धावत बाहेर आला.

"अरे, उभे काय? टाका ना आत!"

"कुठं टाकाचा, शेठ?" हिराजीदादा म्हणाला.

"कुठे म्हणजे? कल तो फटाफट सब निकाला!"

"काल याद व्हता. आज न्हाय."

"अरे, ते तुमचं काय ते, आत्येचा बांध! तिकडेच जातो हा माल!"

हिराजीदादानं डोकं खाजवलं. "कोनची आत्या?"

"तुझी आत्या! सगी आत्या! ती काय, गेटवर बसलीय!"

हिराजीदादानं गेटकडे बघितलं. बराच वेळ बघितलं. "मना न्हाय म्हायती, शेठ. असंल कुनीतरी बाई."

शेठ तरातरा आत्येकडे गेला आणि हात करून म्हणाला, "मावशी, हा कोण आहे? सांगा याला!" आत्येनं टोपलीवरच्या माश्या हाकलल्या. ज्याला अंगाखांद्यावर खेळवलं त्या भाच्याला तिनं डोक्यापासून पायापर्यंत न्याहाळलं, आणि मग शेजारी मूठभर लेबलं घेऊन उभ्या असलेल्या मास्तरांकडे बघितलं.

"मी न्हाय वलखत याला," ती म्हणाली.

शेठ गाड्यांपाशी परत आला. आइस्क्रीम त्याच्या बुटापर्यंत आलं होतं. मग तो मास्तरांकडे न बघता म्हणाला, "मास्तर, सांगा यांना. आणि ती नवीन लेबलं मागवून घ्या."

मास्तर पुढे आले. हिराजीदादा गाडी धरून सरळ उभा राहिला, शाळेत राहतात तसा.

"सी-सात-तीन," मास्तर म्हणाले.

"कसा? परत सांगा जरा, मास्तर."

"सी रांग. सातवा खण. तिसरा माळा." मास्तरांनी एकेक शब्द सुटा करून सांगितला, आणि मी माझ्या खिडकीत उभी राहून सरळ रडले.

"आता समजला," हिराजीदादा म्हणाला. आणि लेबल नसलेल्या त्या काळोख्या थंडीत गाडी ढकलत तो नेमका आत्येच्या बांधावर गेला, एकदाही वर न बघता.